इंदुरात लॉन कमी करायचंय? पहिल्या वर्षी काहीही विकत घेऊ नका

आमच्या घरापुढे साधारण हजार चौरस फुटांचं लॉन होतं. सासऱ्यांनी हौसेनं लावलेलं. रविवारी सकाळी ते तिथे खुर्ची टाकून पेपर वाचायचे, आणि कुणी चपलेसकट गवतावर पाय ठेवला की काही न बोलता पेपराच्या वरून नुसतं बघायचे. ते गेल्यावर लॉन माझ्या गळ्यात पडलं. सोबत माळी, पाइप, युरियाची थैली आणि दर उन्हाळ्यात पाण्यावरून होणारी घरातली कुरबुर. चार वर्षांपूर्वी मी त्यातलं बरंचसं लॉन सोडून दिलं. आता तिथे हरळीबरोबर एकदांडी, रानमेथी, आंबुशी सुखानं नांदतात. सकाळी नऊच्या उन्हात तुळशीपाशी उभं राहिलं तर फुलोरी माश्यांचा, म्हणजे छोट्या रानमधमाश्यांचा, आवाज कानाला लागतो.

मधल्या दोन वर्षांत मात्र मी जवळपास प्रत्येक चूक करून घेतली. कॉलनीतल्या दोघी-तिघींनी "आम्हालाही करायचंय, कुठून सुरू करू?" असं विचारलं, म्हणून हे सगळं ओळीनं लिहिते आहे.

काय काय लागेल

- खुरपं, विळा, दाताळं, एक छोटी कुदळ
- जाड रबरी हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा जुना शर्ट (का ते पायरी ४ मध्ये)
- कडेला लावायला जुन्या विटा किंवा फरशीचे तुकडे
- मातीचं पसरट परळ आणि मूठभर खडी
- झाडांची नावं लिहायला चार-पाच पाट्या (मी आइसक्रीमच्या डब्यांची झाकणं वापरली)
- एक वही
- कागदपत्रं: रहिवासी संघाच्या किंवा टाउनशिपच्या नियमांची प्रत, संघाला दिलेल्या पत्राची पोच, आणि काम सुरू करण्याआधीचे तारखेसह फोटो. घर भाड्याचं असेल तर मालकाची लेखी परवानगी, सरकारी क्वार्टर असेल तर खात्याची.

यादीत रोपं आणि बिया नाहीत. विसरलेले नाही.

१. आधी पाण्याचा हिशेब मांडा, मग घरच्यांशी बोला

"मधमाश्यांसाठी करूया" असं म्हटलं की घरात सगळे मान हलवतात आणि कामाला लागतात. पाण्याचा आकडा समोर ठेवला की ऐकतात.

उन्हाळ्यात लॉन हिरवं ठेवायला रोज निदान पाच मिलिमीटर पाणी लागतं असं धरा. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. हजार चौरस फूट म्हणजे ९३ चौरस मीटर. झाले रोजचे ४६५ लिटर. मार्चच्या मध्यापासून पाऊस येईपर्यंत नव्वद दिवस धरले तर जवळजवळ ४२ हजार लिटर, म्हणजे पाच हजारांचे आठ टँकर. नर्मदा १९७८ साली इंदुरात आली ती उतारावरून वाहत आलेली नाही; मंडलेश्वरजवळच्या जलूदहून सुमारे ७० किलोमीटर पंपांनी चढवत आणतात. एवढं चढवलेलं पाणी आपण गवताला पाजतो, आणि गवत वाढलं की कापायला माणूस बोलावतो.

तरीसुद्धा आमच्याकडे अडचण पाण्याची नव्हतीच. "बाबांचं लॉन आहे ते," हे म्हणाले. त्यावर आकडा चालत नाही. घरोघरी असं काहीतरी निघेल. त्याच्याशी वाद घालू नका, त्याला जागा ठेवा. आम्ही खुर्ची असायची तो कोपरा, साधारण १२ बाय १५ फुटांचा, तसाच कापलेला ठेवला आहे. पेपर आता हे तिथे वाचतात.

२. जागेचे तीन तुकडे करा

ही पायरी मी पहिल्या वर्षी गाळली आणि सगळी फजिती तिथूनच झाली. मी माळ्याला सरळ सांगितलं, आता कापू नकोस. श्रावणापर्यंत गवत कमरेला आलं. माळी म्हणाला, "बाईसाब, ये बगीचा है कि खेत?" पुढे एका संध्याकाळी त्यातून धामण निघाली. बिनविषारी साप, पण ते ऐकायला कॉलनीतलं कुणी थांबलं नाही. तिसऱ्या दिवशी संघाचं पत्र घरात.

तर तुकडे असे:

*कापलेला भाग.* घराच्या भिंतीपासून, पायवाटेपासून आणि फाटकापासून निदान तीन फूट. मुलं खेळतात ती जागाही यातच. इथे गवत कायम छोटं. सापाची भीती खोटी नाही, आपल्याकडे नाग आणि मण्यारही आहेत. पाऊल टाकतो तिथली जमीन दिसलीच पाहिजे.

*अर्धं मोकळं.* इथे गवत कापायचं, पण तीन इंचांवर आणि पावसाळ्यात तीन-चार आठवड्यांतून एकदा. माळी सवयीनं जमिनीलगत भादरतो. मशीनचं पातं स्वतः वर करून द्या. याच उंचीवर एकदांडी, रानमेथी, आंबुशी फुलतात.

*मोकळं.* कुंपणाच्या कडेची पट्टी, चार-पाच फूट रुंद. वर्षातून दोनदाच कापणी.

आणि या तिन्हींच्या मध्ये विटांची ओळ. इंदूर २०१७पासून स्वच्छतेत पहिला नंबर लावत आलेलं शहर आहे. कचऱ्याच्या गाडीचं गाणं ऐकू आलं की इथली माणसं हातातली पोळी खाली ठेवून बाहेर येतात. अशा गावात वाढलेलं गवत दिसलं की "या घरात कुणी आजारी आहे का?" असंच वाटतं. विटांची सरळ कड दिसली की तेच गवत मुद्दाम ठेवलेलं दिसतं. माझ्या अंगणात सगळ्यात जास्त फरक पडला तो या साठ-सत्तर विटांनी.

३. एक पावसाळा नुसतं बघा

नर्सरीत जायचा मोह फार होईल. जाऊ नका. मी गेले होते. ऑनलाइन "रानफुलांच्या मिश्र बिया" असं पाकीटही मागवलं होतं. त्यातली निम्मी उगवलीच नाहीत, उरलेल्यांत बहुतेक कॉसमॉस निघालं, तेही काळ्या मातीत पाणी साचून गेलं. आणि ज्यांना उपटून मी ती पेरणी केली, ती बिचारी फुकट उगवलेली होती.

जून ते सप्टेंबर दर रविवारी वही घेऊन बाहेर या. काय उगवलं, फुलावर कोण बसलं, पान कोण खातं, एवढंच लिहा. नाव माहीत नसेल तर फोटो काढून ठेवा आणि घरातल्या, शेजारच्या म्हाताऱ्या बायकांना विचारा. ॲपपेक्षा त्या बऱ्या, कारण नावाबरोबर भाजी कशी करायची तेही सांगतात.

माझ्या वहीत पहिल्या वर्षी निघालेल्यांपैकी काही:

एकदांडी. लांब दांड्यावर पिवळसर छोटं फूल. मूळची अमेरिकेतली, पण इथे इतकी रुळली आहे की फुलपाखरं आणि लहान माश्या वर्षभर तिच्यावर दिसतात. ठेवा.

आंबुशी. तीन पानांची, आंबट. ग्रास ब्लू नावाची नखाएवढी निळसर फुलपाखरं हिच्यावर अंडी घालतात. ती जमिनीपासून फूटभरच उडतात, त्यामुळे लॉन भादरलं की पहिल्यांदा तीच जातात.

रानमेथी. जमिनीला चिकटून पसरते, मातीत नत्र धरते. हिला ठेवलंत तर युरियाची थैली विसरून जाल.

टाकळा. पावसाळ्यात कोवळा असताना भाजी, नंतर पिवळ्या-पांढरट फुलपाखरांच्या अळ्यांचं खाणं. पसरतो फार, म्हणून शेंगा वाळायच्या आत निम्मा काढा.

घोळ, पुनर्नवा, माका, दुधी (भोपळा नव्हे, तण). चारही राहू द्या. घोळ आम्ही खातो.

रुई. पाचसहा फूट वाढते, म्हणून फक्त कोपऱ्यात एक. प्लेन टायगर या केशरी फुलपाखराच्या पट्टेदार अळ्या हिची पानं खातात. चीक डोळ्यात जाऊ देऊ नका.

आघाडा. कपड्यांना चिकटतो म्हणून सगळे वैतागतात. मीही.

याच आघाड्यापाशी माझं डोकं पहिल्यांदा चाललं. गणपतीच्या एकवीस पत्री मोजून बघा: दूर्वा, आघाडा, माका, धोतरा, डोरली, रुई, विष्णुक्रांता. एकवीसपैकी सात तर सरळ तण. आषाढात जे आपण कचरा म्हणून उपटून गाडीत टाकतो, तेच भाद्रपदात राजवाड्यापाशी जुडी बांधलेलं विकत घेतो आणि वर भाव करतो. दूर्वा म्हणजे हरळीच. सासऱ्यांनी लावलेलं लॉनही तिचंच होतं. तण कशाला म्हणायचं, हे आपल्याकडे तिथीवर ठरतं.

(धोतरा विषारी आहे. घरात लहान मूल असेल तर पत्री बाजारातूनच आणा.)

४. काढायचं ते मात्र वेळेवर काढा

"सगळं येऊ द्या" म्हणणाऱ्यांचं ऐकू नका. तीन गोष्टींना माझ्याकडे माफी नाही.

गाजरगवत. १९५५ साली पुण्यात पहिल्यांदा लक्षात आलं आणि मग देशभर गेलं. एका झाडाला हजारो बिया. अंगाला लागून खाज, पुरळ, काहींना दमा. ते फुलावर यायच्या आधी, पावसानं माती मऊ असताना, मोजे घालून मुळासकट उपटा. फुलं आलेली असतील तर मास्कही लावा, आणि वाळवून जाळत बसू नका. पानांवर फिकट रंगाचे, तपकिरी वळणदार रेघांचे छोटे भुंगेरे दिसले तर मारू नका. हे मेक्सिकन भुंगेरे मुद्दाम गाजरगवत खाण्यासाठीच भारतात आणले गेले. आपल्याच राज्यात, जबलपूरला, तणांवर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था आहे आणि ती दर ऑगस्टमध्ये गाजरगवताविरुद्ध आठवडा पाळते. तो आठवडा मी घरच्या आठवणीसाठी वापरते: तोवर अंगणात एकही झाड उरलं नाही पाहिजे.

नागरमोथा, म्हणजे लव्हाळा. वरून उपटलात तर तुमचं समाधान होतं, त्याचं काही बिघडत नाही. खाली गाठींची माळ असते. खुरप्यानं गाठीसकट काढा, आणि पुनःपुन्हा काढा. तो बहुतेक वेळा येतो कुठून, तर आपण मागवलेल्या मातीच्या ट्रॉलीतून. माती घेण्याआधी ढिगात हात घालून बघा. काळ्या, मण्यांसारख्या गाठी लागल्या तर ट्रॉली परत पाठवा, ड्रायव्हर कितीही कुरकुरला तरी.

घाणेरी. हिच्यावर फुलपाखरं खूप येतात, म्हणून नर्सरीवाले तिची बुटकी, रंगीत जात आग्रहानं देतात. पक्षी फळं खाऊन बिया लांब नेतात आणि जंगलंच्या जंगलं हिनं गिळली आहेत. रानातली नको, आणि खात्री नसेल तर कुंडीतलीही नको.

५. माळ्याशी फवारणीबद्दल आधीच बोला

दुसऱ्या वर्षी आम्ही आठ दिवस पुण्याला गेलो. परत आलो तर कुंपणाकडची पट्टी पिवळी धमक. माळ्यानं कौतुकानं सांगितलं, "घास मारने की दवा डाल दी, साफ हो गया।" त्याचा दोष नाही, मी त्याला काही समजावलंच नव्हतं. पुढच्या पावसात त्या उघड्या मातीवर सगळ्यात आधी कोण आलं असेल? गाजरगवत आणि मोथा.

माळ्याला काय सांगायचं:

ग्लायफोसेट हे तणनाशक सर्रास मिळत असलं तरी ऑक्टोबर २०२२च्या केंद्राच्या आदेशानुसार ते फक्त परवानाधारक कीडनियंत्रकांनीच वापरायचं आहे. इमिडाक्लोप्रिडसारखी कीटकनाशकं झाडाच्या रसात भिनतात, आणि तिथून मकरंदात व परागात उतरतात. फुलावरच्या झाडाला ती कधीच नाहीत. निंबोळी तेल मारायचंच झालं तर सूर्य मावळल्यावर, माश्या घरी गेल्यावर.

आणि त्याचा पगार कमी करू नका. गवत कापायचे तास कमी होतील, तेवढे खुरपणीला द्या. पगार कापला गेला तर तो मनातून लॉनच्याच बाजूचा राहील.

६. आता लावणी, तीही घरातूनच

दुसऱ्या वर्षीचा जून आला की नर्सरीत जा. पण त्याआधी स्वयंपाकघरात जा. जुने तीळ, धणे, मेथी, बडीशेप, मोहरी मोकळ्या पट्टीत फेका. तीळ पावसाबरोबर, बाकीचे दिवाळीच्या आसपास. कोथिंबीर आणि मुळा खुडून न संपवता चार-पाच रोपं फुलू द्या. त्या बारीक फुलांवर ज्या माशीसारख्या उडत्या चिमुरड्या येतात त्यांच्या अळ्या मावा खातात.

तुळस जितकी लावाल तितकी थोडी. मंजिऱ्या खुडायची सवय आपल्याला लहानपणापासून लावलेली असते. वृंदावनातल्या तुळशीच्या खुडा, अंगणातल्या राहू द्या. फुलोरी माश्या आणि निळ्या पट्ट्यांच्या, एकट्यानं राहणाऱ्या माश्या तिच्यावर सकाळ काढतात. या निळ्या पट्टेवाल्या फूल हलवून, गुणगुणून पराग झाडून घेतात. वांग्या-टोमॅटोला त्याच हव्या असतात.

कढीपत्ता आणि लिंबू आहेच घरात. त्याच्या पानांवर पक्ष्याच्या शिटेसारखी दिसणारी अळी आली तर झटकू नका, पुढे ती हिरवी होते आणि मग फुलपाखरू. चार पानं गेली तर फोडणी अडत नाही. कोरांटी थंडीत फुलते, अडुळसा भुंग्यांना, जास्वंद शिंजिराला, पारिजातक आणि रातराणी रात्रीच्या पतंगांना. पानफुटी, कृष्णकमळ, शेवगा जागा असेल तर.

*सापळा:* भरगच्च पाकळ्यांची संकरित फुलं. झेंडू गेंदेदार असला की हाराला उत्तम, पण पाकळ्यांच्या गर्दीत माशीला मकरंदापर्यंत वाटच नसते. एकेरी पाकळ्यांचं, मधला पिवळा डोळा दिसणारं फूल निवडा.

७. पाणी, उघडी माती, वाळकं लाकूड

परळात खडी घालून त्यावर बोटभर पाणी. दर दुसऱ्या दिवशी ओतून घासा, नाहीतर डासांची पैदास तुमच्या नावावर.

दोन बाय तीन फूट माती उन्हात उघडी ठेवा. बऱ्याच माश्या पोळं बांधत नाहीत, जमिनीत एकट्या बीळ करतात. वाळकं जाड लाकूड कोपऱ्यात पडू द्या, काळा भुंगा त्यात घर करतो. गुलाबाच्या पानांना पंचिंग केल्यासारखे गोल काप दिसले तर औषध मारू नका. पानकापी माशी पिल्लांची खोली लिंपायला नेते आहे.

फुलोरी माशीचं पोळं तळहाताएवढं, एकाच फांदीला. ती आपल्या वाटेला जात नाही. आग्यामाशीचं मोठं पोळं दाराच्या वर बसलं तर धूर, काठी, शेजारचा धाडसी मुलगा यांतलं काहीही नको. जाणता माणूस बोलवा.

८. पालापाचोळा गाडीत घालू नका

याबाबत इंदूरकरांनी तरी दुसऱ्याचं मार्गदर्शन घेऊ नये. अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात इथल्याच संस्थेत, आजच्या कृषी महाविद्यालयाच्या जागी, खताची जी पद्धत बसवली ती जगभर "इंदूर पद्धत" म्हणून ओळखली जाते. त्यांच्याबरोबर काम करणारे आणि १९३१च्या ग्रंथाचे सहलेखक यशवंत वाड मराठीच. मला हे चाळिशीनंतर कळलं, तेही बाहेरगावच्या एका पाहुण्याकडून. लाज वाटली.

घरच्यापुरतं सांगायचं तर: वाळकी पानं आणि कापलेलं गवत यांचा वीतभर थर, त्यावर शेण किंवा जुनं खत, थोडी माती, चिमूटभर लाकडाची राख. पुन्हा तसंच. ओलसर ठेवा, चिकचिकीत नको. पंधरा-वीस दिवसांनी एकदा वरखाली करा, मग साधारण पाचव्या आठवड्यात, मग दोन महिन्यांनी. तीन महिन्यांत खत. बिया धरलेलं गाजरगवत आणि मोथ्याच्या गाठी ढिगात कधीच घालू नका.

९. कॉलनी

तक्रार येण्याआधी पत्र द्या. एक पान पुरे: किती जागा, कुठून कुठे, भिंतीपासून तीन फूट कायम कापलेले, साचलेलं पाणी नाही, वर्षातून दोनदा कापणी केव्हा. पोच घ्या. नंतर कुणी आलंच तर तारखेचे फोटो काढून दाखवता येतात. माझं पहिलं पत्र लांबलचक होतं, त्यात पर्यावरण, पृथ्वी वगैरे होतं. कुणी वाचलं नाही. दुसऱ्यात डास आणि साप यांचंच उत्तर होतं, ते बैठकीत मंजूर झालं.

फाटकापाशी झाडांच्या नावांच्या पाट्या लावा. येणारे-जाणारे थांबून वाचतात, आणि "आघाडा? हा होय आघाडा!" असं निम्मे जण म्हणतातच. समोरच्या भाऊजींना अजून पटलेलं नाही. त्यांचं लॉन खरोखर देखणं आहे, आणि मी ते मोकळेपणानं म्हणते.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी पत्रीसाठी लोक येतील. कात्री द्या, विळा देऊ नका, आणि शेजारी उभ्या राहा. नाहीतर माक्याच्या नावाखाली भलतंच काहीतरी जातं.

१०. मे महिन्यात घाबरू नका

एप्रिलपासून सगळं तपकिरी होईल. मातीला भेगा पडतील, कडेची पट्टी गवताच्या गंजीसारखी दिसेल. हीच वेळ आहे जेव्हा घरातले, माळी आणि तुम्ही स्वतः हार मानून पाइप उघडता. तुळस, कढीपत्ता, लिंबू आणि नवीन रोपांना पाणी द्या, खुर्चीच्या कोपऱ्याला द्या, बाकीच्यांना नको. वाळलेलं एकदा विळ्यानं कापून ढिगात घाला, म्हणजे ठिणगीची भीती राहत नाही.

पहिले दोन चांगले पाऊस झाले की आठवड्याभरात हरळी हिरवी होते. तिच्याबरोबर गाजरगवताची पहिली कातरलेली पानंही जमिनीलगत दिसू लागतात, तेव्हा मोजे आणि खुरपं मेअखेरीलाच शोधून ठेवा.